आबा, अडकित्ता आणि केमाल पाशा: तुर्कस्तानातले नऊ दिवस

परत येऊन तीन आठवडे होत आले तरी आबा चहात साखर घालून घेत नाहीयेत, साखरेचा खडा दातात धरतात आणि वरनं बिनसाखरेचा चहा ओढतात. आई वैतागलीय. हे खूळ कुठनं आलं ते शेवटी येईलच, आधी पहिल्यापासून सांगते.

आमचे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतले रिटायर्ड सुभेदार, वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. गावच्या वाचनालयातलं केमाल पाशाचं, म्हणजे आजचं तुर्की प्रजासत्ताक उभं करणाऱ्या मुस्तफा केमाल अतातुर्कचं, पानं सुटलेलं एक चरित्र त्यांनी इतक्या वेळा घरी आणलंय की शेवटी ग्रंथपालांनी 'राहू द्या तुमच्याकडंच' म्हणून सांगितलं. तुर्क म्हणजे खरं तर आबांच्या पलटणीचे जुने दुश्मन. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुट गावाला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, १०३ म्हणजे आजची जंगी पलटण, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उपाशी जवानांना तिथून वाळवंटातून पायी हाकललं, कितीतरी वाटेतच गेले. केमाल पाशा काही कुटला नव्हता, पण आबांचं तुर्कांकडं लक्ष गेलं ते तिथून.

त्यांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "लढाया जिंकणारे लई असत्यात गं. ह्यानं वर्दी उतरवली कधी आन् कशी, ते मला बघायचंय." म्हणून आमचा सगळा प्लॅन उलटा झाला, लोक जातात कॅपाडोसियाला बलूनमधे बसायला आणि आम्ही शेवटचा स्टॉप ठेवला एर्झुरुम, पार पूर्वेला. व्हिसाचं एकच सांगते, अमेरिका, युके किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळतो, आबांकडं त्यातलं काहीच नव्हतं म्हणून आम्ही स्टिकरवाला काढला, वेळ हाताशी ठेवा.

दिवस पहिला, १० नोव्हेंबर, इस्तंबूल

तारीख मुद्दाम धरली होती. १० नोव्हेंबर १९३८ ला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी केमाल अतातुर्क गेला, आणि दरवर्षी त्या मिनिटाला देश थांबतो हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. आम्ही शिश्ली भागात त्याचं भाड्याचं घर शोधत फिरत होतो, १९१८ चा डिसेंबर ते १९१९ चा मे तो तिथं राहायचा, आणि कोपऱ्यावर सिमित (तीळ लावलेलं गोल कडं, पाव म्हणा) घेत होतो. विक्रेत्यानं चिमट्यात सिमित धरलं, कागदात घालणार तेवढ्यात भोंगा झाला. तो तसाच उभा. चिमटा हवेत. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, ड्रायव्हर दारं उघडून बाहेर आले, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेली एक मुलगी, एक म्हातारी पिशवी खाली ठेवून, सगळे. मी आबांकडं बघितलं तर ते पूर्ण सावधान, हनुवटी वर, अंगठे पँटच्या शिलाईवर. भोंगा थांबला आणि पुढच्या सेकंदाला हॉर्न परत सुरू. सिमितवाल्यानं आबांना वरनं खाली बघितलं आणि एक सिमित जास्तीचं टाकलं, पैसे घेईना.

ते घर सापडलं, दुकानांच्या मधोमध गुलाबी तीन मजली, फाटकापाशी फुलंच फुलं आणि गर्दी एवढी की बाहेरूनच बघितलं. इथूनच तो १६ मे १९१९ ला निघाला आणि बांदिर्मा नावाच्या जुन्या बोटीनं १९ मे ला काळ्या समुद्रावरच्या सामसुनला उतरला. कागदोपत्री तो सुलतानाचा इन्स्पेक्टर जनरल होता, पूर्वेकडं शांतता राखा आणि उरलेली हत्यारं गोळा करा असा हुकूम घेऊन गेलेला. त्यानं नेमकं उलटं केलं.

दुपारी दोल्माबाहचे पॅलेस, दीड तास लाइन. झुंबरं, जिने, सोनं, ते सगळं आबांनी मार्च पासमधे असल्यासारखं पार केलं आणि ७१ नंबरच्या खोलीशी थांबले. अक्रोडाच्या लाकडाचा पलंग, वर तुर्की झेंडा पांघरलेला, शेजारचं घड्याळ ९:०५ वर. फोटो काढू देत नाहीत. वय किती होतं विचारलं, मी म्हटलं सत्तावन्न, लिव्हर गेलं होतं. "राकी," म्हणजे तिकडची दारू, आबा म्हणाले, चरित्रातलं ते पान त्यांना पाठ आहे, आणि पुढं मिश्किलपणे, "आपल्याकडं असता तर हे कुणी सांगितलं नसतं."

टीप, फार महत्त्वाची: तिकडची बरीच म्युझियमं सोमवारी बंद असतात. लिहून ठेवा. मीही लिहून ठेवलं होतं.

दिवस दुसरा, चनाक्काले

बसचा दिवस, साधारण सहा तास. डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीवरचा नवा पूल ओलांडून गेलो, २०२२ च्या १८ मार्चला उघडला, मधला गाळा बरोब्बर २०२३ मीटर, कारण २०२३ ला प्रजासत्ताकाची शंभरी. मनोरे ३१८ मीटर, तेही १८ मार्चवरूनच, १९१५ ला त्या दिवशी इंग्रज-फ्रेंच आरमाराला ह्यांनी इथनं परतवलं होतं. तारखांचं एवढं वेड मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

संध्याकाळी धक्क्यावर फिरताना 'पेनिर हेल्वासी' खाल्ला, ताज्या बिनमिठाच्या चीजचा शिरा, वरनं भाजून खरपूस केलेला, आपला खरवस आणि कलाकंद यांच्या मधलं काहीतरी. गरम घ्या. रात्री मसुरीचं सूप, आबांचं मत असं की आमटी चांगली आहे, फोडणी राहिलीय.

दिवस तिसरा, गॅलिपोली

ह्या दिवसासाठी सगळा खर्च वसूल. सकाळी फेरीनं पलीकडं गेलो, वारा असा की आबांची माकडटोपी उडता उडता राहिली, आणि तिथून आठ जणांची व्हॅन. आमच्यात एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, त्यातल्या आजोबांचे आजोबा इथं लढले होते. आबांचं इंग्लिश फौजी, मोजकं पण स्पष्ट. त्यांनी सांगितलं, युवर ग्रँडफादर, हिज वॉटर, इंडियन म्यूल. खरंच आहे, अँझॅकच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेच्या) भागातल्या त्या उभ्या घळ्यांतनं पाणी आणि दारूगोळा वर चढवायचं काम आपल्या खेचरवाल्या तुकड्यांनी केलं, आपल्या दोन माउंटन बॅटऱ्या होत्या, शीख होते, गुरखे होते. त्या आजोबांना हे माहीतच नव्हतं. मग दिवसभर दोघं एकत्र, मी मागं पिशव्या धरून.

किनारा बघितला की धक्का बसतो, एवढासा आहे. मागं लगेच कडा, झुडपं, भुसभुशीत माती. २५ एप्रिल १९१५ ला पहाटे इथं इंग्रजांच्या बाजूनं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज उतरली तेव्हा मुस्तफा केमाल हा एक लेफ्टनंट कर्नल, राखीव १९ व्या डिव्हिजनचा कमांडर, वरचा हुकूम यायची वाट न बघता ५७ वी रेजिमेंट घेऊन डोंगर चढला. वरनं तुर्कांचेच काही सैनिक पळत खाली येताना दिसले, गोळ्या संपल्या म्हणाले. त्यानं संगिनी लावायला लावल्या आणि जमिनीवर पालथं झोपायला सांगितलं. हे झोपले म्हणून समोरचेही झोपले. तेवढ्या अवधीत मागची रेजिमेंट पोचली. पुढं तो स्वतः लिहितो की आम्ही जिंकलो तो हाच क्षण.

आबांनी तिथं व्हॅनमधनं उतरून नुसतं ग्राउंड बघितलं. इकडं हात, तिकडं हात, हा रिव्हर्स स्लोप, इथनं दिसतंय, इथनं न्हाई. "वरचा कडा ज्याचा त्याचाच किल्ला, हे आपल्याला सांगायला नको. पन हुकमाशिवाय हालला ह्यो. हरला असता तर कोर्ट मार्शल व्हतं." थोड्या वेळानं, "आन् जिंकला म्हणून चरित्र."

त्याचा तो प्रसिद्ध हुकूम, मी तुम्हाला हल्ला करायचा हुकूम देत नाही, मरायचा हुकूम देतो, हे तिथं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. गाइडनं सांगितलं की ५७ वी रेजिमेंट शेवटच्या माणसापर्यंत मेली. आबांनी माझ्याकडं बघितलं, बोलले नाहीत. रात्री हॉटेलवर शोधलं तर तीच रेजिमेंट नवी भरती घेऊन नंतर गॅलिशियात आणि पॅलेस्टाइनमधेही लढली होती. फार माणसं गेली हे खरंच, दोन्हीकडची मिळून त्या आठ-नऊ महिन्यांत सव्वा लाखाच्या वर मेली, पण दंतकथेला शेवटचा माणूस लागतोच.

वर जोंकबायिरी, इंग्रजीत चुनुक बैर. एका बाजूला न्यूझीलंडचं स्मारक, एका बाजूला अतातुर्कचा पुतळा, मधे खंदक. १० ऑगस्टच्या पहाटे त्यानं स्वतः पुढं येऊन चाबूक वर केला, तीच खूण, आणि संगिनींचा हल्ला सुटला. थोड्याच वेळात शार्पनेलचा तुकडा त्याच्या छातीवर बसला, खिशातलं घड्याळ फुटलं, तो वाचला. जिथं फुटलं ती जागा खूण करून दाखवलीय. ते फुटकं घड्याळ त्यानं आपल्या जर्मन वरिष्ठाला, लिमान फोन सँडर्सला भेट दिलं आणि त्यानं स्वतःचं काढून ह्याला दिलं. ते फुटकं पुढं कुठं गेलं ते सापडलं नाही म्हणतात. आबा ह्यावर बराच वेळ हळहळले, "अशी वस्तू देत्यात व्हय कुणाला!"

आदल्या दिवशी, ९ ऑगस्टला, त्याच डोंगररांगेवर शेजारच्या माथ्यावर आपले ६ व्या गुरखा रेजिमेंटचे जवान पोचले होते, पलीकडं सामुद्रधुनीचं पाणी दिसलं होतं त्यांना, आणि लगेच तोफगोळे पडून मागं यावं लागलं. तिथं तसं फार काही लिहिलेलं नाही. आबांनी त्या दिशेला तोंड करून सॅल्यूट केला. ऑस्ट्रेलियन आजोबांनी विचारलं फॉर हूम, आबा म्हणाले फॉर गुरखा. मग त्यांनीही केला.

खाली किनाऱ्यावर एका दगडावर कोरलेले शब्द आहेत, तुमची मुलं आता आमच्या कुशीत आहेत, आमचीच झालीत, अशा अर्थाचे, अतातुर्कच्या नावानं. ते खरंच त्याचे का यावर इतिहासकारांत वाद आहे. ऑस्ट्रेलियन आजी रडत होत्या, तिथं उभं राहून वाद घालायची ती जागा नाही.

(टीप: कानटोपी, वारा अडवणारं जॅकेट आणि चांगले बूट. वर खायला नीट मिळत नाही, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यातली अर्धी चटणी ड्रायव्हरनं संपवली.)

दिवस चौथा, १३ नोव्हेंबर, परत इस्तंबूल

बसनं परत, आणि संध्याकाळी कादिक्वॉयची फेरी. तारीख ठरवून आली नव्हती पण आली. १३ नोव्हेंबर १९१८ ला तो हरलेल्या साम्राज्याचा जनरल म्हणून आघाडीवरून हैदरपाशा स्टेशनला उतरला आणि नेमक्या त्याच दिवशी पन्नासच्या वर परकी लढाऊ जहाजं बॉस्फरसमधे शिरली. ती जाईपर्यंत त्याला पलीकडं जायला होडी मिळेना. तेव्हा तो म्हणाला ते वाक्य आज मगांवर, टीशर्टवर सगळीकडं छापतात: जसे आले तसे जातील. फेरीतनं ते स्टेशन दिसतं, पाण्यातनं वर आल्यासारखं. आबा रेलिंगला, हातात चहाचा तो कमरेत बारीक ग्लास, मागं सीगल पक्ष्यांना सिमितचे तुकडे टाकणारी पोरं.

दिवस पाचवा, अंकाराची ट्रेन आणि अडकित्ता

तिकडं रेल्वे स्टेशनवर पण एक्सरेतून बॅगा जातात. आबांची बॅग अडकली. गार्डनं उघडली, स्वेटर, औषधं, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला आमच्या आज्जीचा लोखंडी अडकित्ता. त्यानं तो दोन बोटांत धरून वर केला, मागची सगळी लाइन बघायला लागली. "जेव्हिझ?" जेव्हिझ म्हणजे अक्रोड, मोबाइलवर बघितलं. म्हणजे अक्रोड फोडायचं आहे का. आबांनी मान हलवली, खिशातनं सुपारी काढली, अडकित्ता त्याच्या हातातनं अलगद घेतला आणि तिथंच, सिक्युरिटीच्या टेबलावर, कातरली. कतरण अशी पातळ पडली की दुसरा गार्ड पण आला. दोघांना एकेक चिमूट. पहिल्यानं चावली, तोंड वाकडं केलं, मग घशाला हात लावला, मग हसायला लागला. "तमाम," म्हणाला, म्हणजे ठीक आहे, जा. माझ्या पोटात गोळा आला होता आणि आबा म्हणतात कसे, "तमाम. बघ, मराठीच बोलतोय."

मग ट्रेनमधे तोच खेळ. दुकान, बाजार, हवा, दुनिया, साबण, मैदान, संदूक, थोडाफार उच्चार बदलून सगळं सापडतं. फारसी-अरबी दोन्हीकडं शिरलीय, दुसरं काय.

अंकाराच्या अलीकडं पोलातली लागतं, उघडं माळरान, कुठं झाड नाही, आपल्या माणदेशासारखं पण थंड. १९२१ ला ग्रीक फौज इथपर्यंत आली होती. साकार्याची लढाई २२ दिवस आणि २२ रात्री चालली, तोफांचा आवाज अंकाराला ऐकू जायचा. लढाईच्या आधी केमाल घोड्यावरून पडला, बरगडी मोडली, तशाच अवस्थेत त्यानं ती चालवली. संरक्षणाची रेघ नसते, संरक्षणाचा पट्टा असतो आणि तो पट्टा म्हणजे सगळा देश, हे त्याचं वाक्य इथलं. आणि आबांना सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की लढताना ह्या सरसेनापतीला रँक नव्हती, ती दोन वर्षांपूर्वीच सोडलेली. मार्शल ही रँक आणि गाझी हा किताब असेंब्लीनं (अंकाराच्या नव्या पार्लमेंटनं) दिले ते जिंकल्यावर, १९ सप्टेंबरला.

दिवस सहावा, अंकारा

अनितकबीर म्हणजे त्याची समाधी. टेकडीवर, २६२ मीटरचा फरसबंद रस्ता, दोन्हीकडं मिळून २४ दगडी सिंह. फरशांमधे मुद्दाम पाच-पाच सेंटिमीटरच्या फटी ठेवल्यात म्हणजे माणूस खाली बघत, मान झुकवून, हळू चालेल. आबांचे गुडघे असेही हळूच चालतात, "माझ्यासाठी न्हवतं एवढं करायला पायजे," म्हणाले. पहारा बदलायचा कार्यक्रम दोनदा बघितला. ड्रिलला त्यांनी शंभरपैकी नव्वद दिले, दहा कशाचे कापले ते सांगत नाहीत.

आतलं चाळीस टनांचं संगमरवर बघायला सगळे जातात, पण खालचं म्युझियम सोडू नका. पुस्तकांची कपाटंच्या कपाटं, छड्या, आणि त्याचा पेंढा भरून ठेवलेला कुत्रा फोक्स, ते मला जरा कसंतरीच झालं. आबांचं लक्ष कपड्यांकडं. सूट, टेलकोट, हॅटा. "वर्दी कमी आन् सूटच लई." बरोबर होतं. १९२४ मधे त्यानं बरोबरच्या जनरलांना सरळ सांगितलं की एक तर फौज नाही तर खासदारकी, दोन्ही चालणार नाही, आणि १९२७ ला स्वतः लष्करातनं रीतसर निवृत्त झाला. मला तिथं उभं राहून जे वाटलं ते असं की मग पुढं १९६० ला, ७१ ला, ८० ला वर्दीतल्याच लोकांनी सरकारं उलथली, आणि प्रत्येक वेळी ह्याचंच नाव पुढं केलं. हे म्युझियममधे कुठं लिहिलेलं नाही. तसंच १९३७-३८ ला पूर्वेकडच्या देरसिममधे फौजेनं हजारो कुर्द-अलेवी लोक मारले तेही नाही.

एक फोटो आहे, फळ्यापाशी उभा राहून नवी अक्षरं शिकवतोय. १ नोव्हेंबर १९२८ ला कायदा केला आणि अरबी लिपी जाऊन रोमन आली. लिहा-वाचायला सोपं झालं हे खरं, पण नातवाला आजोबांचं पत्र वाचता येईना. आमच्या माळ्यावर मोडीतल्या कागदांचं गाठोडं आहे, घरात कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळं मला ते लगेच कळलं. आपल्याकडं कुणी एका दिवसात नाही केलं एवढाच फरक.

दुपारी उलुस भागात पहिली पार्लमेंट, आता म्युझियम. २३ एप्रिल १९२० ला इथं असेंब्ली भरली. आत गेलात की हसू येईल, सभागृहात शाळेची बाकं आहेत, खरी शाळेतनं आणलेली, उतरती फळी, दोघांनी चिकटून बसायचं. एक शेगडी. दिवा जवळच्या कॉफीच्या दुकानातनं आणला होता. इस्तंबूलच्या सरकारनं ह्याला फाशीची शिक्षा सुनावली ती पुढच्याच महिन्यात, म्हणजे ह्या बाकांवर बसून हे लोक सुलतानाशी, ग्रीकांशी, इंग्रजांशी एकदम भांडत होते.

दिवस सातवा, सिवास

अंकाराहून सिवासला हायस्पीड ट्रेन २०२३ पासून आहे, अडीच-तीन तास, तिकीट आधी काढा. सप्टेंबर १९१९ चं केमालच्या राष्ट्रवादी मंडळींचं अधिवेशन इथल्या शाळेच्या इमारतीत भरलं, इथंही बाकं, आणि वर त्याची झोपायची खोली, साधा लोखंडी पलंग. ह्या क्रांतीत शाळांचं सामान फार वापरलं गेलंय.

इथं आबांना भेटला तो एक रिटायर्ड मेजर, म्हणजे गोष्टीत. एर्झुरुमहून सिवासला यायला केमाल आणि मंडळींकडं पैसेच नव्हते. तेव्हा एका निवृत्त मेजरनं आयुष्यभर साठवलेल्या ९०० लिरा आणून दिल्या आणि माझं नाव घेऊ नका म्हणाला. "पेन्शनीतलं?" आबांनी विचारलं. साठवलेलं सगळं, मी म्हटलं. त्या दिवशी जेवताना आबा तीनदा म्हणाले, "घरी काय सांगितलं असंल त्यानं?"

मधल्या चौकात जुने मदरसे आहेत, सेल्जुकांच्या काळातले, दगडावरची नक्षी बघत अंगणात चहा मिळतो, अगदी निवांत. पण सिवासचीच आणखी एक गोष्ट मला सुटेना. १९९३ च्या २ जुलैला ह्याच गावात जमावानं मादिमाक हॉटेल पेटवलं, ३३ लेखक-कलावंत-पाहुणे आणि हॉटेलचे २ कर्मचारी गेले. अधिवेशनाची शाळा आणि ते हॉटेल, मधे चालत काही मिनिटं. संध्याकाळी बाहेरनं बघून आलो. सिवास कोफ्ते खाल्ले, चांगले होते, फार बोललो नाही.

दिवस आठवा

बस. दीड तास उशिरा सुटली, कारण कुणीच सांगेना. सात तास, मधे एर्झिंजान, युफ्रेटिसच्या फाट्याच्या कडेकडेनं रस्ता, आणि संध्याकाळी पहिला बर्फ. बसमधला पोऱ्या दर थोड्या वेळानं हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओततो, आबांना वाटलं तीर्थ, प्यायलेच असते.

दिवस नववा, एर्झुरुम

आणि हा सोमवार.

हो. लिहून ठेवलेलं, सगळ्यांना सांगत होते, आणि नऊ दिवसांच्या गडबडीत वार मोजला नाही. ज्या इमारतीसाठी एवढं पूर्वेला आलो, जिथं २३ जुलै १९१९ ला एर्झुरुमचं अधिवेशन सुरू झालं, तिच्या फाटकाला कुलूप. संध्याकाळचं विमान. मला रडायलाच यायला लागलं. आबा फाटकाच्या गजातनं आत बघत म्हणाले, "इमारत तर दिसतीय की."

तीही खरी तीच नाही, आग लागल्यावर परत बांधलेली. मूळची आर्मेनियन लोकांची सनासारियन शाळा, १८८१ मधे सुरू झालेली, म्हणजे केमाल जन्मला त्याच वर्षी. १९१५ ला इथल्या आर्मेनियन लोकांना हाकलून दिलं, बहुतेक सगळे मारले गेले, आणि चार वर्षांनी रिकाम्या शाळेत हे अधिवेशन. एका देशाचा जन्म आणि दुसऱ्या लोकांची गेलेली शाळा, एकाच छपराखाली.

थंडी मरणाची, गाव १९०० मीटरवर आहे. समोर चहाच्या टपरीवजा दुकानात शिरलो. म्हातारी माणसं, शेगडी, आणि इथली पद्धत, किटलामा: साखरेचा कडक खडा फोडून दातात धरायचा आणि चहा त्याच्यावरनं प्यायचा. मालकानं आबांना खडा कसा धरायचा ते शिकवलं. आबांनी अडकित्ता काढून खडा कातरून दाखवला. पुढं काय झालं ते तुम्हीच ओळखा, चहाचे पैसे इथंही घेतले नाहीत.

मग मी फोनवरनं आबांना वाचून दाखवलं, कारण ज्यासाठी आलो ते आत नव्हतंच, ते एका रात्रीत टेलिग्राफच्या तारेवर घडलं होतं. ८ जुलै १९१९ ची रात्र. राजवाड्यातनं तार, परत या. हा नाही म्हणतो. शेवटी तिकडनं बडतर्फी आणि इकडनं राजीनामा, जवळपास एकाच वेळी. सकाळी तो कुणीच नव्हता. त्याचा चीफ ऑफ स्टाफ, कर्नल काझिम, समोर आला आणि म्हणाला, पाशा, आपण आता लष्करात नाही, माझं काम संपलं, कागद कुणाच्या ताब्यात देऊ? केमाल हादरला म्हणे. आता सगळेच सोडणार. मग एर्झुरुमच्या कोअरचा (दोन-चार डिव्हिजनांच्या फौजेचा) कमांडर, काझिम काराबेकिर, आला. सरकारनं ह्याला अटक करा म्हणून सांगितलंच होतं. त्यानं टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला, मी आणि माझी सगळी कोअर तुमच्या हुकमात आहोत, पाशा. साधे कपडेही नव्हते, गव्हर्नरकडनं उसना कोट घेतला.

आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी घरी आलो त्या दिवशी टोपी कुठं ठेवायची तेच कळंना. खुंटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं तिथं पिशवी अडकवली." हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"त्या कर्नलचं पुढं काय झालं?"

मी शोधलं. केमालच्याच राज्यात इझमिरचा गव्हर्नर झाला, बरीच वर्षं.

"आन् सॅल्यूटवाल्याचं?"

१९२६ ला केमालच्या खुनाच्या कटाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभा केला. सुटला, पण केमाल असेपर्यंत बाजूलाच पडला.

आबांनी खडा ह्या गालातनं त्या गालात घेतला, ग्लास संपवला, उलटा ठेवला. "व्हय," म्हणाले, "सर्व्हिस म्हणजे असंच."

निघताना मालकानं कागदाच्या पुडीत साखरेचे खडे बांधून दिले. एअरपोर्टवर बॅग परत अडकली. ह्या वेळी आबांनी सुपारी आधीच हातात ठेवली होती.